लंकेचा संसार

सरांचा पहिला पासपोर्ट मीच काढून दिला होता, आणि तो कोराच मेला. दहा वर्षं झाली, मुदत संपली, एकाही पानावर शिक्का नाही. मग एके दिवशी सर पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तो पासपोर्ट खिशातून काढला आणि म्हणाले, "पोरी, याले नवा करून दे."

मी म्हटलं, "सर, पण तुम्ही कुठं जातच नाही न?"

"जाणं वेगळं अन् तयार असणं वेगळं."

असलं उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. दहावीत फिरायचं, अजूनही फिरतं. पण सरांना उलटून बोलायची सोय नव्हती. फॉर्म काढला आणि भरायला घेतला.

पांढुर्ण्याच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर माझं टूरचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि भिंतीला टेकवलेल्या वीस प्लास्टिकच्या खुर्च्या. रेल्वेची तिकिटं, पासपोर्टचे फॉर्म, आणि वर्षातून दोन-तीनदा एका मोठ्या टूर कंपनीसाठी माणसं गोळा करून श्रीलंकेची सहल. सरांनी मला भूगोल शिकवला. शाळा हिंदी माध्यमाची. त्यामुळे सर वायुदाब हिंदीत समजवायचे आणि रागवायचे मराठीत. आम्हाला रागावणंच जास्त समजायचं.

रिटायर झाल्यावर ते रोज साडेदहाला माझ्याकडे पेपर वाचायला येऊ लागले. घरी पेपर यायचा, पण घरच्या माणसांनी त्यांच्याशी वाद घालणं सोडलं होतं. मी अजून घालत होते. यायचे ते दारातल्या स्टुलाला हमखास ठेचकाळायचे आणि स्टुलालाच दम द्यायचे, "तुले काल सांगतलं होतं न, मधात बसू नको म्हणून?" मी हसायचे. मला वाटायचं, मास्तर माणूस, आपल्या विचारात असतो.

त्या काळात कंपनीने सहलीची पत्रकं पाठवली. आम्ही मध्य प्रदेशात, म्हणून हिंदीत. वर मोठ्या अक्षरात, 'एक प्राचीन संसार आपकी प्रतीक्षा में'. तिगावहून एक बाई आल्या होत्या. घरची संत्र्याची बाग, मुलगा-सून बंगलोरला, सुनेने फोनवर हट्टच धरला होता की आई, एकदा तरी विमानात बसा. बाईंनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं, एकेक अक्षर लावून वाचलं आणि मला विचारलं, "बाप्पा, कोणाचा संसार होय हा? भल्लाच जुना दिसते."

मी फस्सकन हसले. हिंदीत संसार म्हणजे जग. मराठीत संसार म्हणजे भांडीकुंडी, सासू, दळण, भांडणं, लेकरं. आमच्याकडे दोन्ही भाषा एकाच तोंडात राहतात आणि एकमेकींच्या पायात पाय घालतात, त्याचं नवल नाही. पण सरांनी पेपर खाली ठेवला.

"हासून कायले राहिली तू? बाई बरोबर वाचून राहिली."

"अहो सर, हिंदीत..."

"हिंदी मले नको शिकवू. जग कोणी पाहू शकते काय? सांग. विमानात बसून, सात दिवसात, जग? संसार मात्र पाहाता येते. कोणाच्याही घरी गेलं, नीट बसलं, की पाहाता येते." आणि बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, खरंच लय जुना संसार आहे तो. बसा, सांगतो."

तासभर सांगितलं. माझी दोन गिऱ्हाइकं तिकिटासाठी ताटकळत उभी होती, तीही शेवटी खुर्च्या ओढून बसली. बाई घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी चौघांना घेऊन आल्या. मी धंदा करणारी बाई, मला लगेच कळलं. त्या दिवसापासून प्रत्येक सहलीच्या आधीच्या रविवारी सरांचं बोलणं ठेवायचं ठरलं.

बोलायला उभे राहिले की आधी पंखा बंद. कितीही उकडो. पंख्याच्या आवाजात माणूस अर्धंच ऐकते, हे त्यांचं मत. फोटो दाखवायला सक्त मनाई. मी एकदा हौसेने भिंतीवर फोटो दाखवायची सोय केली, तर वायरच काढून टाकली. "फोटो पाहून गेलं की माणूस तिथं जाऊन फोटोच शोधते. भेटला की खूश, परत." मग घामाघूम वीस माणसांसमोर हात मागे बांधून सुरू करायचे.

"हे घर दोन हजार वर्षांवर चालून राहिलं. इतक्या जुन्या घरी गेलं की पह्यले काय पाहाचं? देव्हारा? नाही. पाणी पाहाचं. उत्तरेकडं तिकडं आपल्यासारखंच कोरडं आहे. पण त्यायच्या राजांनी तलाव बांधले. एका तलावाचं उरलेलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात. थेंब वाया नाही. थे तलाव अजून भरतात, त्याच्यावर अजून धान पिकते. अन् आपण? सहाशे फूट बोअर मारून कपाळावर हात मारून राहिलो."

इथे शेजारच्या सौंसरचे संत्रावाले पुढे सरकून बसायचे. कंपनीच्या पत्रकात तलावांवर एक ओळ होती. सर पाऊण तास तलावातच असायचे.

मग अंगणातलं झाड. "त्या घरच्या अंगणात एक पिंपळ आहे. आपल्याकडून गेलेली फांदी होय ती. राजाची लेक घेऊन गेली. सासरी नव्हती जात, भिक्खुणी होती. पण माहेरचं झाड घेऊन गेली, अन् तिथल्या लोकायनं ते आजपर्यंत वाळू नाही देलं. राजे आले, गेले, लढाया झाल्या. झाडाले पाणी घालणारा माणूस मात्र रोज होता." सौंसरच्या दोन बहिणी बुद्धविहारातल्या बायकांसोबत आल्या होत्या, त्यांनी बसल्या जागी हात जोडले. शेजारच्या तिगावच्या बाईंनी पदराने डोळे पुसले. माहेरचं झाड म्हटल्यावर कोणत्या बाईला समजायचं राहील?

सगळ्यात मोठी चिडचिड एका प्रश्नावर. कोणीतरी विचारायचंच की सर, ती जळालेली सोन्याची लंका कुठं दाखवतात? सर लाल व्हायचे. "तुमी कोणाच्या घरी पाहुणे जाता अन् चहा प्याच्या आधी विचारता काय, की तुमच्या घरातला राक्षस कोठं राहे?" आणि तिथल्या युद्धाबद्दल कोणी विचारलं तर आवाज एकदम खाली यायचा. "भावाभावात लय वर्षं चाललं. लय माणसं गेली. त्यायनं गोष्ट काढली तर ऐकाची. आपण खोदून नाही विचाराची. आपल्याकडं बाहेरचा माणूस येते अन् त्याले गोटमारची जत्राच माहीत असते. पोळ्याचा दुसरा दिवस, जाम नदी, इकून पांढुर्णा, तिकून सावरगाव, दगड. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस आपण दगडंच मारून राहिलो काय?"

माणसं परत आली की त्यांची सुटका नसे. सर त्यांना ऑफिसात गाठायचे. मंदिर कसं होतं हे विचारायचे नाहीत. चहा कशात देतात? लेकराला हाक कशी मारतात? केरसुणी उभी ठेवतात का आडवी? लोक गांगरायचे. पण तिगावच्या बाई तयारच होऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "सर, तिथं देवळाच्या अंगणात बारीक वाळू राहाते. सकाळी झाडणारा मागं मागं सरकत झाडते, अन् वाळूवर रेघा उमटतात, वखर मारल्यावानी. आपला पाय पडला तर भ्या वाटते की त्याची मेहनत मोडन."

"मागं मागं? पुढं नाही?"

"नाई सर, मागं. असं." बाईंनी माझ्या कोपऱ्यातला झाडू उचलला आणि ऑफिसभर मागे मागे सरकत झाडून दाखवलं. सरांनी चार वेळा करायला लावलं. चौथ्या वेळी स्वतः झाडू घेतला आणि पाठीने कपाटावर आदळले. पुढच्या रविवारी त्यांच्या बोलण्यात ती रेघांची वाळू आली, आणि समोरचे लोक श्वास धरून ऐकत राहिले.

असं वर्षानुवर्षं साठत गेलं. दुसऱ्यांनी पाहिलेलं सगळं सरांच्या तोंडी येऊन एक झालं. 'मी पाहिलं' असं सर कधीच म्हणाले नाहीत. पण ऐकणाऱ्याला शंकाच येत नसे. कोणी जाता जाता मला विचारायचं, "सर जाऊन आले असतील न मॅडम?" सुरुवातीला मी विषय बदलायचे. मग 'हाव' म्हणायला लागले. मग एक पाटीच रंगवून घेतली आणि जिन्याच्या डाव्या भिंतीवर लावली: 'सहलीपूर्वी मार्गदर्शन. श्रीलंका स्वतः पाहून आलेले सर.' गिऱ्हाईक वाढलं. खोटं होतं, मला माहीत होतं. सर दोन वर्षं त्या पाटीखालून रोज वर आले, काही बोलले नाहीत. मी धरून चालले की त्यांना चालतं.

तर तो पासपोर्टाचा फॉर्म. सरांनी सही केली ती चौकटीबाहेर. मी दुसरा फॉर्म दिला, ती पण बाहेर. मी वैतागले. "सर, चौकट दिसत नाही का तुम्हाला?"

"नाही दिसत," सर म्हणाले. अगदी साधं, पेपर मागावा तसं. "काचबिंदू आहे. दोन्ही बाजूच्या कडा गेल्या. मधात हातभर उरलं आहे. थेही किती दिवस, डॉक्टर सांगत नाही."

ते दारातलं स्टूल. ते कपाट. मी इतकी वर्षं हसत होते. मी म्हटलं, सर, पुढच्या महिन्यात ग्रुप जातोय, सोबत नेणारीला एक जागा जास्तीची मिळते, चला. आहे ते उरलंय तोवर चला. नाही म्हणाले. पुढच्या ग्रुपला परत विचारलं, नाही. तिसऱ्यांदा मी भांडायलाच बसले, की अहो, नवा पासपोर्ट का पूजेला ठेवायचा आहे? तेव्हा म्हणाले, "मले भ्या वाटते पोरी. इतके वर्ष त्या घराची तारीफ करून राहिलो. मी गेलो अन् मलेच काही नाही वाटलं, तर? मग मी लोकायले काय सांगत होतो?"

इतका बोलका माणूस, आणि त्याला ही भीती. दिवस जात राहिले. दिवस जात राहिले म्हणजे हातभरातले दिवस. एकदा मी दिलेला चहाचा कप सरांना टेबलावर सापडेना. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला.

मग तो रविवार आला. पंखा बंद, सर तलावात रंगलेले, आणि सौंसरचे बँकेतून रिटायर झालेले एक साहेब पहिल्या रांगेत. त्यांनी सरळ मनाने विचारलं, "सर, तुम्ही गेले होते तवा कोण्या हॉटेलात थांबले होते? शाकाहारी भेटते ना तिथं?"

"मी गेलोच नाही," सर म्हणाले.

साहेबांना वाटलं सर गंमत करताहेत. "म्हणजे?"

"म्हणजे नाही गेलो. कधीच."

"मग बाहेर काय लिहून ठेवलं आहे?"

"काय लिहून आहे?" सरांनी मला विचारलं. मी खाली पाहिलं. सर दाराबाहेर गेले, मी मागे, आणि माझ्यामागे अख्खा ग्रुप. जिन्यात ते मान हळूहळू भिंतीकडे वळवत गेले तेव्हा मला कळलं की वर येताना डावीकडची ती भिंत त्यांच्यासाठी नव्हतीच. दोन वर्षं नव्हती. पाटी एका नजरेत मावत नव्हती, म्हणून त्यांनी एकेक शब्द पकडून मोठ्याने वाचला. "स्वतः... पाहून... आलेले." धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटणं काय असतं ते मी त्या जिन्यात शिकले.

मला वाटलं आता मराठीत रागावतील. नाही रागावले. आत येऊन लोकांना म्हणाले, "चूक माही आहे. ही माही विद्यार्थिनी होय. शिकवण्यात कमी पडलो." साहेब फणफणत निघून गेले, बाकीचेही कुजबुजत उठले. त्याच्यापेक्षा सरांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी रडत पाटी काढायला निघाले तर सर म्हणाले, "राहू दे."

"सर, खोटं आहे ते."

"म्हणूनच राहू दे. तू लिहून बसली. आता ते खरं करा लागन. तिकीट काढ."

"अन् भीती?"

"भ्या वाटतेच आहे. काढ."

असे आम्ही निघालो. ते बँकेचे साहेबही आले. चार दिवस फुगून होते, मग एका संध्याकाळी स्वतःहून सरांच्या घरी गेले आणि विमानात शेजारची जागा मागून घेतली. नागपूर, चेन्नई, कोलंबो. विमानात सर बसले ते डोळे मिटून. कोलंबोत लोक समुद्र पाहून नाचले, सरांचे डोळे बंद. बसमध्ये सहा तास बंद. साहेब घाबरून मला म्हणाले, "मॅडम, तब्येत बरी आहे न यांची?" मी जाऊन विचारलं. सर कुजबुजले, "वाचवून राहिलो. इकडंतिकडं खर्च नाही करत." अहो, डोळे काही असे वाचत नाहीत, मी सांगितलं, डॉक्टरही सांगतील. सरांनी हात हलवला आणि डोळे आणखी घट्ट मिटले.

आता सरांना काहीच दिसत नाही. ती सहल झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात ते हातभरही गेलं. रविवारी मी बोलते, सर मागच्या खुर्चीवर बसून माझ्या चुका काढतात. पण मला सांगायची आहे ती अनुराधपूरची, त्या जुन्या तलावांच्या गावची सकाळ.

ग्रुप नाश्त्याला बसला होता. सर म्हणाले, मले पह्यले तलावावर ने. मी हात धरून जुन्या तलावाच्या बांधावर नेलं. ऊन नुकतंच वर येत होतं. सरांनी डोळे उघडले. मान हळूहळू इकडून तिकडे फिरवली, पुन्हा परत आणली. मला वाटलं, झालं, ज्याची भीती होती तेच झालं, काहीच वाटलं नाही यांना. मग म्हणाले, "हातभर पाणी दिसून राहिलं. डावीकडं काय आहे?"

मी गळा साफ केला. "सर, डावीकडे अत्यंत रमणीय असा..."

"ए! पत्रक नको वाचू. काय आहे ते सांग."

खरं सांगते, मी त्या बांधावर पाच वेळा उभी राहिले होते आणि मला काय आहे ते माहीत नव्हतं. पाचही वेळा मी माणसं मोजत होते, पाण्याच्या बाटल्या वाटत होते, कोण मागे राहिलं ते पाहत होते. आता पाहायला लागले. म्हटलं, एक बाई दगडावर कपडे धुतेय. आपल्यासारखीच आपटते, पण कमरेइतक्या पाण्यात उभी राहून. तिच्या मागे एक म्हातारा सायकल पाण्यात घालून धुतोय, चाक फिरवून फिरवून. कमळाची पानं आहेत, त्यावर एक लांब बोटांचा पक्षी चालतोय, बुडत नाही. उजवीकडे झाडांच्या वर तो पांढरा स्तूप, एवढा मोठा की आधी मला ढगच वाटला होता. बांधाखाली एक दरवाजा आहे, त्यातून पाणी पलीकडे पाटात जातंय. सर, आवाज ऐका, तोच तो. पलीकडे धान आहे, नुकतं लावलेलं, आणि एक माणूस पाटात हात घालून गाळ काढतोय. त्याने आत्ता आपल्याकडे पाहिलं. सर, तो हसला.

बोलता बोलता माझा आवाज चढला होता. किती वेळ बोलत होते कोण जाणे. म्हटलं, "सर, तिकडे पाहा, पटकन, तो पक्षी उडाला!" आणि वळले, तर सर तिकडे पाहतच नव्हते. पाण्याकडेही पाहत नव्हते. त्यांचं ते उरलेलं हातभर माझ्या तोंडावर होतं.

"सर, तलाव तिकडं आहे."

"माहीत आहे. पाहिला मी. चांगला आहे," सर म्हणाले. "तीस वर्षं वर्गात बडबडलो. सांगून राहिलो ते समोरच्याले दिसते का नाही, कधी समजलंच नाही. आता तुह्या तोंडावर दिसून राहिलं. थांबू नको. बोल."

मला हुंदकाच आला. सर थांबले, घाई केली नाही, नजरही काढली नाही. मग मी डोळे पुसले, त्या धुणाऱ्या बाईपासून पुन्हा सुरुवात केली आणि सगळं सांगितलं.